शहराचा ध्वनी-नकाशा: रस्ते, रेल्वे, विमानतळ आणि कारखान्यांच्या आवाजाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ध्वनी-नकाशा म्हणजे नेमके काय?

रस्ते, लोहमार्ग, विमानतळ आणि कारखाने यांचा आवाज शहराच्या कोणत्या भागात वर्षभरात सरासरी किती पोहोचतो, हे रंगांच्या पट्ट्यांनी दाखवणारा नकाशा म्हणजे ध्वनी-नकाशा. एक पट्टा सहसा पाच डेसिबलचा असतो: ५५ ते ६०, ६० ते ६५, याप्रमाणे. हमरस्त्याच्या कडेला लाल-जांभळा रंग दिसतो आणि आतल्या गल्ल्यांकडे जावे तसा तो पिवळा, मग हिरवा होत जातो.

हे रंगीत चित्र म्हणजे काम निम्मेच झाले. प्रत्येक पट्ट्यात किती लोक राहतात, किती शाळा आणि रुग्णालये आहेत आणि रात्री त्यांतल्या किती जणांच्या खिडकीशी मर्यादेपेक्षा जास्त आवाज असतो, याचा तक्ता हा उरलेला निम्मा भाग आहे. लोकसंख्येचा तक्ता नसलेला नकाशा भिंतीवर लावण्यापुरता उरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्या वस्तीचे काम आधी हाती घ्यायचे, हे तक्त्यावरूनच ठरते.

आवाजाची मोजणी तर होतच असते, मग वेगळा नकाशा कशासाठी?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून आवाजाच्या सततच्या मोजणीचे राष्ट्रीय जाळे उभारले. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि लखनऊ या सात शहरांत मिळून त्याची ७० केंद्रे झाली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ दिवाळीत आणि गणेशोत्सवात निवडक ठिकाणी मोजणी करते आणि ती आकडेवारी वर्तमानपत्रांत छापून येते. हे काम मोलाचे आहे, परंतु ध्वनिमापक ज्या खांबावर बसवला आहे त्या जागेपलीकडचे तो काहीही सांगू शकत नाही.

आवाजाचे वागणे हवेतल्या धुरापेक्षा वेगळे आहे. रस्त्याला तोंड करून उभ्या असलेल्या चार मजली इमारतीच्या पुढच्या गच्चीत ७२ डेसिबल भरत असतील, तर त्याच इमारतीच्या मागच्या चौकात ५५ भरू शकतात. अंतर जेमतेम वीस मीटरचे, पण मध्ये इमारत आडवी आहे. त्यामुळे मोजणीचे पाच-पंधरा ठिपके घेऊन मधली जागा अंदाजाने रंगवली, तर तो नकाशा त्या मागच्या चौकाबद्दल हमखास चुकीचे सांगतो. तशा पद्धतीने काढलेले नकाशे आपल्याकडे दिसतात आणि शहराचा ढोबळ कल कळण्यापुरते ते चालतातही, पण इमारतवार निष्कर्ष त्यांतून काढू नयेत.

खरा ध्वनी-नकाशा गणिताने काढला जातो आणि मोजणीने तपासला जातो. याचा आणखी एक मोठा लाभ असा की, जो रस्ता अजून बांधलेलाच नाही त्याचाही आवाज आधी काढून पाहता येतो. मोजणी यंत्राला हे कधीच जमणार नाही.

हे गणित कशाच्या आधारे केले जाते?

रस्त्यासाठी मुख्य माहिती म्हणजे वाहनांची संख्या, त्यांचे प्रकार, वेग, रस्त्याचा चढ-उतार, पृष्ठभाग डांबरी की काँक्रीटचा, आणि सिग्नल किंवा चौक किती अंतरावर आहे. ही माहिती गोळा करणारी माणसे चौकाच्या कोपऱ्यावर चोवीस तास पाळ्या लावून बसतात: एकाच्या हातात दुचाकींचा गणक, दुसऱ्याकडे रिक्षा आणि मोटारी, तिसऱ्याकडे टेम्पो, बस आणि ट्रक. ट्रक वेगळे मोजणे फार महत्त्वाचे असते, कारण शहरी वेगात एका जड ट्रकची ध्वनिऊर्जा अनेक मोटारींच्या एकत्रित ऊर्जेइतकी असू शकते. रात्री उशिरा मालवाहू वाहनांना शहरात मुभा मिळते, म्हणून रात्रीची मोजदाद टाळून दिवसाच्या आकड्यांवरून रात्र ठरवली की सगळा नकाशा बिघडतो.

त्यानंतर जमिनीचा चढ-उतार, प्रत्येक इमारतीचा आकार आणि उंची, संरक्षक भिंती, उड्डाणपुलाचे कठडे, आणि मधली जमीन मऊ आहे की फरसबंद, हे सर्व संगणकातल्या नमुन्यात भरले जाते. संगणक मग साधारण दहा-दहा मीटरच्या चौकटीतल्या प्रत्येक बिंदूपर्यंत आवाज किती मार्गांनी पोहोचतो ते मोजतो: सरळ, इमारतीवर आपटून, किंवा कडेवरून वळून. अंतराचा नियम सोपा आहे. कारखान्यातल्या एका यंत्रासारख्या बिंदूपासून अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. सतत वाहता रस्ता हा रेषेसारखा असल्याने तेथे अंतर दुप्पट होऊनही फक्त ३ डेसिबल उतरतात. रस्त्याचा आवाज दूरवर का पोहोचतो, याचे हे साधे कारण आहे.

लोहमार्गासाठी गाड्यांची संख्या, लांबी, वेग, ब्रेकचा प्रकार, रुळांची अवस्था आणि पूल यांची माहिती लागते. विमानतळासाठी विमानांचे प्रकार, उड्डाणाचे मार्ग आणि कोणती धावपट्टी किती काळ वापरली, हे लागते.

डेसिबलचे आकडे कसे वाचावेत?

डेसिबल ही साधी बेरजेची मोजपट्टी नाही. ७० डेसिबलची दोन यंत्रे एकत्र चालली तर १४० नव्हे, ७३ डेसिबल होतात. रस्त्यावरची वाहने दुप्पट झाली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, दसपट झाली तर १० डेसिबलने. माणसाच्या कानाला मात्र १० डेसिबलची वाढ सुमारे दुप्पट मोठी वाटते.

यातून एक कडू गोष्ट निघते. वाहने निम्मी केली तरी नकाशावर फक्त ३ डेसिबल कमी होतात. म्हणून निव्वळ वाहनसंख्या थोडी घटवून मोठा फरक पडेल, अशी आशा कोणी दाखवत असेल तर तिची आकडेमोड मागावी.

आपल्या शहरांत हॉर्न हाच मुख्य आवाज आहे. नकाशात तो येतो का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, परदेशात तयार झालेल्या गणिती पद्धतींमध्ये हॉर्न जवळजवळ नसतोच. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका किंवा युरोपीय संघाच्या पद्धती इंजिनाचा आणि टायरचा आवाज धरून बनल्या आहेत, कारण त्या रस्त्यांवर हॉर्न क्वचित वाजतो. त्या जशाच्या तशा आपल्या चौकांना लावल्या, तर उत्तर कमी येते.

फरक किती पडतो, ते एका हिशेबाने पाहता येईल. समजा, एखाद्या रस्त्याच्या कडेला एक तासभर आवाज एकसारखा ६० डेसिबल आहे. त्या तासात फक्त दहा सेकंद जवळून ९५ डेसिबलचा हॉर्न वाजला. आता पूर्ण तासाची ऊर्जा-सरासरी (डेसिबलच्या आकड्यांची नव्हे, त्यांमागच्या ध्वनिऊर्जेची सरासरी) काढली तर ती ६० राहत नाही, जवळजवळ ७० डेसिबल होते. तासाच्या ३६०० सेकंदांपैकी दहा सेकंदांनी संपूर्ण तासाची सरासरी दहा डेसिबलने उचलली. आपल्या कोणत्याही गर्दीच्या सिग्नलवर हिरवा दिवा लागण्याआधीच्या काही सेकंदांत यापेक्षा जास्त हॉर्न वाजतात.

म्हणून भारतीय शहराचा नकाशा करताना चौकाचौकांत हॉर्नची स्वतंत्र मोजदाद करून त्याची वाढ गणितात घालावी लागते, आणि ती प्रत्येक शहरासाठी वेगळी काढावी लागते. नकाशासोबतच्या अहवालात हॉर्न कसा धरला, हे लिहिलेले नसेल तर तो नकाशा अपुरा समजावा. याच कारणाने हॉर्न आवरण्याचे उपाय आपल्याकडे परदेशातल्यापेक्षा जास्त फळ देतील. मुंबई पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत काही सिग्नलना डेसिबल मापक जोडून दाखवले होते: हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलवर गेला की लाल दिव्याची उलटी गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दिल्लीपासून बेंगळुरूपर्यंत त्याची चर्चा झाली, आणि तो प्रयोग कायमचा व्हायला हवा होता असे मला आजही वाटते.

भारतात आवाजाच्या कायदेशीर मर्यादा कोणत्या आहेत?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे १४ फेब्रुवारी २००० रोजी लागू झाले. त्यांनुसार औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५, निवासी क्षेत्रात ५५ आणि ४५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशा मर्यादा आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. मात्र १० ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे घोषित केल्याशिवाय तो शांतता क्षेत्र होत नाही.

या नियमांत ध्वनी-नकाशा करण्याचे बंधन कोठेही नाही. मात्र विकासाचे नियोजन करताना ध्वनिप्रदूषणाचा सर्व अंगांनी विचार करावा, हे विकास प्राधिकरणे आणि स्थानिक संस्थांचे कर्तव्य असल्याचे त्यांत लिहिलेले आहे. नकाशा हाती नसताना हे कर्तव्य पार पाडणे कसे शक्य आहे, हा प्रश्न प्रत्येक महापालिकेला विचारायला हवा.

विमानतळांसाठी २०१८ मध्ये वेगळी मानके आली. वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त उड्डाणे-उतरणी होणाऱ्या विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबलपर्यंत मुभा आहे. याचा अर्थ असा की, त्या क्षेत्रात येणाऱ्या घरातल्या माणसाला रात्री इतर निवासी भागापेक्षा २० डेसिबल जास्त आवाज कायद्याने सोसावा लागतो. विमानतळाची गरज मान्य केली तरी झोपणारे मूल दोन्हीकडे सारखेच असते. त्यामुळे ध्वनिक्षेत्राची सीमा कोठे काढली, हे नकाशावर घरांच्या संख्येसह जाहीर झाले पाहिजे.

महाराष्ट्रात असे नकाशे झाले आहेत का?

ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणाबाबत सविस्तर निकाल दिला. त्यात मोठ्या शहरांचे ध्वनी-नकाशे करण्याचे निर्देशही राज्य सरकारला दिले. त्यानंतर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, म्हणजे नीरीकडे सोपवले आणि राज्यातील २७ महापालिका क्षेत्रांत मोजणी व नकाशांचे काम झाले. इतक्या शहरांचा एकत्र विचार होणे ही देशातही मोठी गोष्ट होती.

पुढचे पाऊल मात्र शहरांनी उचलायचे आहे. नकाशा तयार झाला की त्यावरून कृती आराखडा व्हायला हवा, त्याला अंदाजपत्रकात तरतूद हवी आणि पाच वर्षांनी पुन्हा नकाशा काढून काय बदलले ते तपासायला हवे. अहवाल संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात ठेवून काम संपत नाही.

युरोपात हे काम कसे चालते?

युरोपीय संघाने २००२ मध्ये पर्यावरणीय आवाजाविषयी निर्देश काढला. त्यानुसार एक लाखाहून अधिक लोकसंख्येची शहरे, वर्षाला ३० लाखांहून अधिक वाहने धावणारे रस्ते, ३०,००० हून अधिक गाड्या जाणारे लोहमार्ग आणि ५०,००० हून अधिक उड्डाणे-उतरणी होणारे विमानतळ यांचे नकाशे दर पाच वर्षांनी करणे सदस्य देशांना बंधनकारक आहे. आधी प्रत्येक देशाची गणिताची पद्धत वेगळी होती, त्यामुळे सीमेवर रंग जुळत नसत. २०१९ पासून सर्वांसाठी एकच पद्धत आहे.

तिथे २४ तासांचा एक भारित निर्देशांक वापरतात. त्यात संध्याकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल वाढवून मग सरासरी काढतात, कारण तोच आवाज रात्री जास्त अपाय करतो. चोवीस तास एकसारखा ६० डेसिबल आवाज असलेल्या जागेचा हा निर्देशांक ६६ च्या वर जातो. त्यामुळे युरोपीय नकाशातला ६५ आणि आपल्या नियमांतला ६५ यांची थेट तुलना करू नये. ही गल्लत बातम्यांत सर्रास आढळते.

युरोपीय पर्यावरण संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार रस्त्यांच्या आवाजाने ५५ डेसिबल किंवा अधिक निर्देशांक असलेल्या जागी राहणारे लोक सुमारे ११ कोटी ३० लाख होते, रेल्वेमुळे २ कोटी २० लाख, विमानांमुळे ४० लाख, आणि उद्योगांमुळे १० लाखांपेक्षा कमी. रस्ता हाच पहिला शत्रू आहे, हे या नकाशांमुळे आकड्यांत मांडता आले.

आरोग्याशी याचा संबंध किती भक्कम आहे?

भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, भारित निर्देशांकानुसार रस्त्याचा आवाज ५३, रेल्वेचा ५४ आणि विमानाचा ४५ डेसिबलच्या खाली ठेवावा असे म्हटले आहे. रात्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे ४५, ४४ आणि ४० आहेत. झोपेचा भंग, सततचा त्रास आणि हृदयविकार हे परिणाम त्यामागे आहेत. झोपलेल्या माणसाला जाग आली नाही तरी शरीर आवाजाची नोंद घेते, नाडी वाढते आणि ताणाशी संबंधित संप्रेरके स्रवतात. “आम्हाला आता सवय झाली आहे” असे म्हणणाऱ्यांच्या शरीरालाही हे लागू आहे.

गणेशोत्सवातील ध्वनिक्षेपक, फटाके आणि लग्नाची वरात नकाशात का नसतात?

कारण नकाशा वर्षभराच्या सरासरीचा असतो आणि काही दिवसांचे, काही तासांचे आवाज त्यात मिसळले की कोणता भाग कशामुळे त्रस्त आहे हे कळेनासे होते. या आवाजांसाठी थेट मोजणी आणि पोलिसी कारवाई हाच मार्ग आहे. दुसरी बाजूही लक्षात घ्यावी: उत्सवाच्या दहा दिवसांवर जेवढी चर्चा होते तेवढी उरलेल्या साडेतीनशे दिवसांच्या वाहतुकीवर होत नाही, आणि आरोग्याचा हिशेब त्या साडेतीनशे दिवसांतच बिघडतो.

आम्ही पंधराव्या मजल्यावर राहतो. नकाशातला रंग आम्हाला लागू आहे का?

बहुतेक नाही. युरोपीय पद्धतीत नकाशा जमिनीपासून ४ मीटर उंचीवर काढतात. मुंबई, ठाणे, पुणे येथील उंच इमारतींना तो पुरेसा नाही. उड्डाणपुलाशेजारच्या इमारतीत पहिल्या-दुसऱ्या मजल्याला पुलाच्या कठड्याची थोडी आडोशी सावली मिळते. पुलाच्या पातळीच्या वरचे मजले मात्र वाहनांना थेट सामोरे असतात. पंधराव्या मजल्यावरून अनेक रस्ते एकाच वेळी “दिसतात” आणि त्या सर्वांचा आवाज पोहोचतो. म्हणून उंच इमारतींसाठी दर्शनी भिंतीवर मजल्यागणिक गणित करावे लागते. संगणकाला ते अवघड नाही. फक्त तसे करण्याची अट कामाच्या निविदेत घातलेली हवी.

आणखी एक स्थानिक गोष्ट अशी की, थंड देशांतले लोक बंद, दुहेरी काचेच्या खिडक्यांआड झोपतात. आपल्याकडे वर्षातला बराच काळ खिडक्या उघड्या असतात, आणि उघडी खिडकी आवाज फार तर १० ते १५ डेसिबलने कमी करते. बाहेरचा प्रत्येक डेसिबल आपल्या घरात जास्त प्रमाणात शिरतो.

लोहमार्ग आणि विमाने यांच्यासाठी सरासरी आकडा पुरेसा आहे का?

नाही. रस्त्याचा आवाज बऱ्याच अंशी सलग असतो, पण गाडी आणि विमान हे सुटे प्रसंग असतात. रात्री दोन वाजता जाणारी मालगाडी अर्ध्या मिनिटात झोप मोडते, आणि आठ तासांच्या सरासरीत मात्र माफक दिसते. त्यामुळे नकाशासोबत रात्रीच्या प्रसंगांची संख्या आणि कमाल पातळी द्यायला हवी.

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमाने पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात. देखभालीसाठी ती बंद ठेवली की दुसऱ्या धावपट्टीच्या मार्गाखालच्या वस्तीला अचानक विमाने ऐकू येऊ लागतात. वार्षिक सरासरी या दोन्ही वस्त्यांची खरी स्थिती झाकून टाकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाभोवती तर अजून बांधकामे व्हायची आहेत. तेथे उड्डाणमार्गांचा नकाशा आधी आणि इमारतींची परवानगी नंतर, हा क्रम पाळण्याची संधी आजही हातात आहे.

लोहमार्गावर बहुतेक आवाज चाक आणि रूळ यांच्या खडबडीतपणातून येतो. म्हणून रुळांना घासणी देणे, सांधे जोडून सलग रूळ करणे आणि चाक खरबरीत करणारे लोखंडी ब्रेक ठोकळे बदलणे, हे उपाय भिंतींपेक्षा आधी करावेत.

कारखान्यांचा आवाज वेगळा का मोजावा लागतो?

कारण त्याचा स्वभाव वेगळा असतो. प्रेस शॉपमधला (पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागातला) ठोका, कॉम्प्रेसरची घरघर आणि कूलिंग टॉवरच्या पंख्याची एकसुरी गुणगुण यांची सरासरी सारखी असली तरी त्रास सारखा नसतो. एकसुरी किंवा ठोक्याच्या आवाजाला मोजणीत काही डेसिबल वाढवून धरण्याची पद्धत त्याचसाठी आहे. भोसरी, अंबड किंवा वागळे इस्टेट यांसारख्या भागांत कारखान्याच्या कुंपणाला लागून घरे उभी राहिली आहेत, आणि एका बाजूला औद्योगिक ७०, दुसऱ्या बाजूला निवासी ४५ अशी रात्रीची मर्यादा भिंतीच्या दोन अंगांना येते. नकाशावर अशी जागा दोन क्षेत्रांच्या तफावतीने लगेच उठून दिसते.

डिझेल जनरेटरसाठी नियम स्पष्ट आहे: १ जानेवारी २००५ नंतर तयार झालेल्या, १००० केव्हीए (विद्युत क्षमतेचे एकक) पर्यंतच्या संचाचा आवाज आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. आवरणाचे दार उघडे ठेवून चालवलेला संच हा नियम मोडतो, आणि तक्रारींत हेच कारण वारंवार आढळते.

मोबाइलवरच्या अ‍ॅपने मोजलेले आकडे चालतात का?

तुलनेसाठी चालतात, पुराव्यासाठी नाही. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज तो दाबून टाकतो आणि दोन फोन एकाच जागी काही डेसिबल वेगळे दाखवतात. अधिकृत मोजणीला पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीचे ध्वनिमापक यंत्र लागते. मोजणीच्या आधी आणि नंतर ते ९४ डेसिबलच्या प्रमाणित आवाजाने तपासायचे, मायक्रोफोनवर वारा अडवणारी फोमची टोपी लावायची, भिंतीपासून दूर उभे करायचे आणि रस्ता कोरडा असताना मोजायचे. ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज वाढतो, त्यामुळे पावसाळ्यातली मोजणी वर्षाच्या सरासरीसाठी वापरू नये.

तरीही सोसायटीतील लोकांनी एकाच फोनने, त्याच खिडकीत, ठरावीक वेळांना महिनाभर नोंदी ठेवल्या तर त्या फार उपयोगी पडतात. आवाज कोणत्या वेळी आणि कशामुळे वाढतो, हे त्यांतून कळते.

झाडे लावल्याने आवाज कमी होतो का?

रस्त्याकडेची एक रांग मोजण्याइतका फरक पाडत नाही. तीस मीटर रुंद, दाट पट्टा असेल तर काही डेसिबल कमी होतात. झाडे सावलीसाठी, हवेसाठी आणि मनासाठी जरूर लावावीत; ध्वनिरोधक म्हणून दाखवून त्यांच्या जोरावर महामार्गाला परवानगी घेऊ नये.

ध्वनिरोधक भिंत योग्य उंचीची, फटी नसलेली आणि रस्त्याजवळ असेल तर आवाज ५ ते १२ डेसिबलने कमी करते. मुंबईत काही उड्डाणपुलांवर अशा भिंती आहेत, आणि अटल सेतूवर शिवडीच्या खाडीतील रोहित पक्ष्यांसाठीही बसवल्या आहेत. भिंतीच्या वरच्या काठापेक्षा उंच मजल्यांना तिचा उपयोग नसतो. वेग ५० वरून ३० किलोमीटरवर आणला तर साधारण ३ डेसिबल कमी होतात, आणि त्याचा लाभ सर्व मजल्यांना होतो.

विद्युत वाहने आल्यावर प्रश्न सुटेल का?

काही प्रमाणात. कमी वेगाला, चौकात आणि चढावर, बस आणि रिक्षांच्या बाबतीत फरक जाणवतो. परंतु मोटारीचा वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या वर गेला की टायरचा आवाज इंजिनापेक्षा मोठा होतो, आणि टायर विद्युत वाहनालाही असतात. हॉर्नही असतो.

नागरिक म्हणून आम्ही काय करू शकतो?

सर्वप्रथम आपल्या शहराचा नकाशा मागा. तो संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा आणि त्यात केवळ नकाशा न मागता वाहनमोजणीचे तक्ते, वापरलेली गणिती पद्धत, हॉर्नसाठी गणितात घातलेली वाढ आणि पट्ट्यानुसार लोकसंख्या मागा. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. तेथे नवा रस्ता, शाळा किंवा रुग्णालयाचे आरक्षण ध्वनी-नकाशावर ठेवून पाहिले का, असा लेखी प्रश्न विचारा. लेखी प्रश्नाला लेखी नोंद राहते.

आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक वर असेल, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर ध्वनिप्रदूषण नियमांतील नियम ७ नुसार नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. शहरांत हा अधिकार सहसा पोलिसांकडे असतो. कारखान्याबद्दलची तक्रार राज्य मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्यावी आणि संमतिपत्रातील (कारखाना चालवण्यासाठी मंडळाने दिलेल्या परवानगीतील) आवाजाच्या अटींची प्रत मागावी.

शांत जागांचाही नकाशा मागा. युरोपीय निर्देशात शांत परिसर जपण्याची स्वतंत्र तरतूद आहे. पुण्याची वेताळ टेकडी किंवा बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान यांच्या आत आज किती डेसिबल आहेत, याची नोंद आताच झाली नाही, तर शेजारून रस्ता गेल्यावर काय गमावले हे सिद्ध करता येणार नाही.

नकाशा किती वर्षांनी नवा करावा?

पाच वर्षांनी, आणि मोठा बदल झाला तर त्याआधी. मेट्रो सुरू होणे, एकेरी वाहतूक लागू होणे, ट्रकचा मार्ग बदलणे, हे मोठे बदल आहेत. संगणकातला मूळ नमुना महापालिकेच्या ताब्यात असेल तर त्या एका भागाचे गणित थोड्या दिवसांत पुन्हा करता येते; तो सल्लागार संस्थेकडेच राहिला तर दर वेळी सर्व काम पहिल्यापासून करावे लागते. म्हणून कराराच्या अटींत नमुना, कच्ची माहिती आणि त्यांचे हक्क महापालिकेकडे सोपवण्याचे कलम असलेच पाहिजे.